पिपांच्या आठवड्यातले ढग

सूपमध्ये लोणी होतं. आत्याने ते सकाळी स्वतःच्या हाताने, नेहमीपेक्षा एक चमचा जास्तच घातलं होतं आणि घालताना तिला तिळमात्र वाईट वाटलं नव्हतं.

"यात लोणी आहे का गं?" धाकटीने चमचा तोंडापाशी थांबवून विचारलं.

"चवीपुरतं."

"मग नको."

"अगं, लोणी म्हणजे काय मटण आहे का? गाय चांगली जिवंत आहे. मी बघून आलेय तिला. मजेत आहे."

"आत्या, मी दीड वर्ष सांगतेय. दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही, मध नाही. प्राण्याकडून आलेलं काहीच नाही."

"व्हीगन," दादाने शेजारून पुरवणी जोडली. "म्हणजे शेळी. फक्त शेळी भांडत नाही."

हे सगळं संभाषण हसऱ्या चेहऱ्याने चाललं होतं. तो घरचा नियमच होता. लांब टेबल खिडकीशी, खिडकीबाहेर द्राक्षांच्या ओळी, आणि आजूबाजूच्या टेबलांवर पैसे मोजून जेवायला आलेली माणसं. गिऱ्हाइकासमोर भांडायचं असेल तर दात दाखवून भांडायचं, ही शिस्त आजोबांनी पोरांना अक्षरओळखीच्या आधी लावली होती. त्यामुळे दुरून पाहणाऱ्याला हे कुटुंब फार प्रेमळ वाटे.

धाकटीने सूप बाजूला सारलं. मग भाजलेले मश्रूम आले, त्यावर चीज होतं. गाजरं आली, ती मधात घोळवलेली होती. पाव आला, त्यावर वरून दुधाचा हात फिरवलेला होता. वाइनरीचं रेस्टॉरंट चालवायला लागून आत्याला सव्वीस वर्षं झाली होती, पण इतक्या बारकाईने मेनू तिने आयुष्यात कधी आखला नव्हता. शेवटी धाकटीच्या पानात तीन उकडलेले बटाटे आणि कोथिंबिरीची एक काडी एवढंच उरलं. तिने ती काडीही खाल्ली.

आत्याचा हिशेब सरळ होता. पोरगी भुकेली राहील, वैतागेल, आणि वेळ आली की फणकाऱ्याने ग्लास नाकारून उठून जाईल. मग किल्ली आपसूक आत्याच्या मुलाकडे, म्हणजे दादाकडे.

किल्ली तळघराची. ती आजोबांसमोर, पाण्याच्या जगशेजारी ठेवलेली होती, आणि तिच्याकडे न बघण्याचा प्रयत्न टेबलावरचा प्रत्येक जण करत होता. गेली वीस वर्षं ती काकाकडे होती. काका म्हणजे धाकटीचा काका, दादाचा मामा, आजोबांचा शेंडेफळ मुलगा. लग्न केलं नाही, पिपांशी संसार केला. आता त्याचे गुडघे बावीस पायऱ्यांना कंटाळले होते, आणि पुढची किल्ली कोणाला हे आज ठरायचं होतं. धाकटीचे आईवडील नेहमीप्रमाणे दूरच्या नोकरीच्या गावी होते. या घरातल्या प्रत्येक मोठ्या भांडणाच्या वेळी ते तिथेच असत.

धाकटीला ते तळघर हवं होतं. नववं लागल्यापासून हवं होतं. तेव्हा ती पिपांना कान लावून बसायची आणि आतली वाइन काय म्हणतेय ते काकाला सांगायची. पुढे चार वर्षं वाइन बनवण्याचं रीतसर शिक्षण घेऊन, इतर दोन ठिकाणच्या बऱ्या नोकऱ्या नाकारून, आठ महिन्यांपूर्वी ती परत आली होती. दादा तळघराला गोदाम म्हणायचा. विक्री तोच बघायचा, आणि बघायचाही उत्तम, पण किल्ली मिळाल्यावर तिथे रंगीत दिवे लावायचे एवढंच त्याच्या डोक्यात होतं. आजोबांनाही हे कळत होतं. अडचण होती ती नियमाची.

नियम आजोबांच्या वडिलांचा. ज्याला किल्ली घ्यायची त्याने घरच्या सगळ्यांसमोर, घरच्या पिपातल्या वाइनचा ग्लास भरून घ्यायचा आणि तळाशी थेंबही न ठेवता संपवायचा. ग्लासात काही उरलं तर किल्ली परत.

आणि त्या वाइनमध्ये अंडी होती. दिसत नसत, पण होती. हीही आजोबांच्या वडिलांचीच रीत. दर वर्षी या दिवसांत पिपातली वाइन गढूळ असते. एका पिपाला सहा अंड्यांचं पांढरं, चिमूटभर मीठ टाकून हलकं फेटायचं आणि आत सोडायचं. ते सगळा गाळ धरून तळाला बसतं आणि वरची वाइन आरशासारखी निघते. पिवळं मात्र वर स्वयंपाकघरात जातं, त्याचं कस्टर्ड होतं, आणि ते खायला लोक लांबून येतात. घरात याला पिपांचा आठवडा म्हणत.

आजोबांना तळघरात उतरून बारा वर्षं झाली होती. पण पिपांच्या आठवड्यात ते जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसत. चाळीस पिपं, पाच पिपांना एक याप्रमाणे आठ झाकलेले डबे स्वयंपाकघरातून निघत आणि त्यांच्या गुडघ्यांना जवळजवळ घासून काका ते खाली नेई. आजोबा मोठ्याने मोजत. "एक... दोन..." आठ झाले की समाधानाने उठत. अंडी घालताना किल्लीवाल्याशिवाय दुसऱ्या कोणी खाली थांबायचं नाही, हाही नियमच. या घरात नियमांची टंचाई कधी पडली नाही.

"तर," आजोबा म्हणाले. त्यांनी किल्ली दोन बोटांनी टेबलाच्या मधोमध सरकवली. "गोड खाऊन झालं की ग्लास. आधी मोठा, मग धाकटी. दोघांनी संपवला तर मी ठरवीन. पोरी, ठरलं का तुझं?"

"आजोबा, ग्लास सोडून दुसरं काहीही सांगा. सगळी पिपं एकटी घासते."

"घासायला मशीन आहे."

"मी शब्द दिलाय स्वतःला."

"मीही दिलाय. माझ्या बापाला." आजोबा हसत होते, कारण शेजारच्या टेबलावरच्या बाई बघत होत्या. डोळे मात्र हसत नव्हते. त्यांना ही पोर आवडत होती, सगळ्यांत जास्त, आणि तिच्यासाठी नियम वाकवला तर आपण बापाला काय तोंड दाखवणार, हा विचार त्यांना आठवडाभर झोपू देत नव्हता.

तेवढ्यात गोड आलं. ते आत्याने स्वतः आणलं, मिरवत. पिवळंधमक कस्टर्ड आणि शेजारी ढगांचा ढीग. ढग हे घरचंच नाव. अंड्याचं पांढरं साखर घालून कडक फेटायचं, चमच्याचमच्याने थापायचं आणि मंद भट्टीत तासन् तास सुकवायचं. वर्षातून याच आठवड्यात होत, आणि कस्टर्डाइतकेच उडत. दादाने दोन एकदम तोंडात टाकले. काकाने चार पानात घेतले आणि पाचवा हातात धरला.

धाकटीसमोर रिकामी बशी होती. आत्याने तिला गोड म्हणून पाच द्राक्षं वाढली होती. ती खाऊन झाल्यावर तिला दुसऱ्यांच्या पानांत बघण्यापलीकडे काम उरलं नाही. पिवळं. पांढरं. पिवळं. पांढरं. लहानपणी तिनेही खिसे भरभरून ढग खाल्ले होते, पण खाणाऱ्याला प्रश्न पडत नाहीत. आज ती पहिल्यांदाच नुसती बघत होती.

सोमवारी अंड्यांचे ट्रे गाडीतून तिनेच उतरवले होते. आठ ट्रे, प्रत्येकी तीस. एका ट्रेचं पांढरं एका डब्यात, एक डबा पाच पिपांना. चोख. वर एकही अंडं नाही, कारण या आठवड्यात बाहेरचं अंडं घरात आणायला आजोबांची सक्त मनाई होती. घरात डोंगर पडलेला असताना आणखी कशाला, असं ते म्हणत. पिवळं समोर होतं, कस्टर्डात. आणि पांढरं खाली गेलं होतं.

मग हे काय होतं?

धाकटीने हळूच काकाकडे सरकून घेतलं.

"काका."

"हं."

"एका अंड्यात पांढरं किती वेळा असतं?"

काकाचा पाचवा ढग ओठाशी थांबला. त्याचा थोडा चुरा शर्टावर सांडला.

"एकदाच ना?" धाकटी म्हणाली. "मग पिपांत काय घातलंत?"

काका पाणी प्यायला. मग दादाच्या ग्लासातलंही प्यायला. त्याला वाटलं होतं हा प्रश्न आला तर फार पूर्वीच येईल, आणि आला नाही म्हणून तो गाफील राहिला होता. अकरा वर्षांपूर्वी त्याची कंबर धरली होती, चाळीस पिपं ढवळणं शक्यच नव्हतं. तो आठ डबे घेऊन तळघरात नुसता बसून राहिला. मग फेकवेना म्हणून बाटल्यांच्या लिफ्टमध्ये ठेवून त्याने ते वर स्वयंपाकघरात धाडले. पिपं तशीच राहू दिली, दोन महिने जास्त थांबला, वाइन आपोआप निवळली, गाळ तळाशी ठेवून वरची अलगद दोनदा दुसऱ्या पिपांत काढून घेतली. त्या वर्षीची वाइन सगळ्यांनी डोक्यावर घेतली. आणि वर आत्याला आठ डबे फुकटचं पांढरं मिळालं. दुसऱ्या वर्षी कंबर ठीक होती, पण डबे पुन्हा लिफ्टने वर गेले. दोघं भावंडं याबद्दल एक अक्षरही बोलली नव्हती. फक्त दर वर्षी ढगांचा एक मोठा डबा काकाच्या कपाटात येऊन पडायचा.

"काका, मी विचारतेय."

"हळू बोल गं बाई."

"वाइनमध्ये अंडं नाहीये?"

काका ढगाकडे अशा नजरेने बघायला लागला की उत्तर मिळालं. धाकटीच्या पोटात तीन बटाटे आनंदाने हलले. तिला तिथल्या तिथे उठून नाचावंसं वाटलं, आणि त्याच वेळी आजोबांची किल्लीवरची बोटं दिसली.

काकाने टेबलाखालून बहिणीला पाय मारला. आत्या दचकली, भावाच्या तोंडाकडे बघितलं, मग भाचीच्या तोंडाकडे, मग ढगांकडे. तिचा रंग कस्टर्डावर गेला.

"चल जरा," तिने धाकटीला दंडाला धरून उठवलं. "तुला आणखी द्राक्षं देते."

स्वयंपाकघराच्या दारामागे गेल्याबरोबर आत्याचं हसू गळून पडलं.

"कोणाला सांगणार आहेस?"

"कोणाला सांगू?"

"बाबांना कळलं ना, तर ते कोलमडतील गं. दर गिऱ्हाइकाला सांगतात ते, माझ्या बापाची रीत, शंभर वर्षांची अंडी. अकरा वर्षं तेच सांगतायत."

"आणि मी दीड वर्ष घरची वाइन तोंडाला लावली नाही. आज त्यापायी किल्ली जायची वेळ आली. आणि तू मला सुपात लोणी घालून देतेस."

"एकच चमचा जास्त होता."

"आत्या!"

आत्याने पदराने ओटा पुसला. ओटा स्वच्छ होता. एका बाजूला मुलगा होता, ज्याच्यासाठी तिने महिनाभर बापाचे कान भरले होते. दुसऱ्या बाजूला बापाचा चेहरा होता. तिने अर्धं मिनिट विचार केला, आणि सुगरण बाईला शोभेल अशा चपळाईने पातेलं एका शेगडीवरून दुसऱ्या शेगडीवर ठेवलं.

"पिऊन टाक," ती म्हणाली. "गुपचूप उभी राहा, ग्लास पी, किल्ली घे. काही विचारलं तर गप्प बस. उद्यापासून तुझ्यासाठी वेगळं सूप. बदामाचं. रोज."

"आणि दादा?"

"त्याला मी बघते. त्याला नाहीतरी खाली थंडी वाजते."

दादाने पाहिलं ते असं: आई आत जाताना त्याच्या बाजूची होती, बाहेर येताना धाकटीच्या खुर्चीमागे उभी होती. त्याचा ग्लास भरून आला. त्याने तो हातात घेतला, आणि आईने त्याच्या कानात, गिऱ्हाइकांकडे गोड हसत सांगितलं, "ठेव तो खाली."

"काय?"

"पोट बिघडलंय म्हण."

"माझं पोट ठणठणीत आहे."

"संध्याकाळपर्यंत नसेल."

दादा तिच्या हातचं तेहेतीस वर्षं जेवला होता. त्याने ग्लास ठेवला. "आजोबा, आधी धाकटीला घेऊ द्या," तो पडलेल्या आवाजात म्हणाला. "माझं जरा... पोट."

धाकटी उभी राहिली. दीड वर्षानंतर तो वास तिच्या नाकात गेला आणि तिला रडूच आलं. ओल्या लाकडाचा, काळ्या द्राक्षांचा, काकाच्या जुन्या स्वेटरचा. तिने घोट घेतला. मग दुसरा. सावकाश, जिभेवर घोळवत, कारण घाई करणं त्या वाइनचा अपमान झाला असता. आत्या मनात घोट मोजत होती. काकाने डोळे मिटले होते.

आजोबा बघत होते. त्यांना फक्त एवढं दिसत होतं की त्यांची नात, जी तीन बटाटे खाऊन दोन तास बसली पण शब्दावरून हलली नाही, ती आता आपला शब्द मोडतेय. नियमासाठी नाही. त्यांच्यासाठी. आपण म्हातारपणी एका पोरीचा हट्ट मोडून काढला, याची त्यांना एकदम भयंकर लाज वाटली. त्यांचे डोळे भरले आणि गिऱ्हाइकं बघतायत हे ते आयुष्यात पहिल्यांदा विसरले.

"माझ्यासाठी मोडलंस ना गं?" ते म्हणाले.

ग्लासात एक घोट उरला होता. धाकटीने वर पाहिलं. एक घोट, आणि बावीस पायऱ्या, चाळीस पिपं, सगळं तिचं. गप्प बस, असं आत्याने सांगितलं होतं, आणि गप्प बसायला काहीच लागत नाही. पण समोर म्हाताऱ्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं, आणि ते तिच्या न केलेल्या त्यागासाठी होतं. ते तिला घेववेना.

तिने ग्लास खाली ठेवला. घोटासकट.

"नाही, आजोबा. मी काहीच मोडलं नाही."

आत्याने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"माहितीय, माहितीय," आजोबा म्हणाले. त्यांना तो नातीचा मोठेपणा वाटला. त्यामुळे ते आणखीच विरघळले. "तू तसंच म्हणणार. पण मीही काही दगड नाही. ऐका सगळ्यांनी. बापाची रीत इथवर. पुढच्या वर्षीपासून पिपांत अंडं घालायचं नाही. घालायचं नाही म्हणजे अंडी आणायचीच नाहीत. आठही ट्रे बंद."

"बंद?" आत्या ओरडली. "अहो बाबा, मग मी ढग कशाचे करू?"

आख्खं रेस्टॉरंट वळून बघायला लागलं. काकाने डोळे उघडले आणि लगेच पुन्हा मिटले. आत्याने तोंडावर हात ठेवला, पण शब्द तोंडातून निसटून गेला होता.

आजोबांनी तिच्याकडे बघितलं. मग टेबलावरच्या ढिगाकडे. फार वेळ लागला नाही. ते आयुष्यभर डबे मोजत आले होते.

"किती वर्षं?" त्यांनी विचारलं.

"अकरा," काका म्हणाला.

"मी जिन्यावर बसून मोजत होतो, तेव्हा?"

"तुम्ही खाली जाणारे मोजत होतात, बाबा. वर येणारे लिफ्टने यायचे."

आजोबांना राग आला होता, आणि त्याहून जास्त लागलं होतं. आपल्या दोन्ही पोरांनी आपल्याला अकरा वर्षं खुर्चीवर बसवून ठेवलं, देवासारखं. त्यांनी एक ढग उचलला. दातांमुळे ते कस्टर्डच खात, ढगाच्या वाटेला जात नसत. त्यांनी तो जिभेवर ठेवला आणि विरघळेपर्यंत थांबले.

"तुला कधी कळलं?" त्यांनी धाकटीला विचारलं.

"गोड आलं तेव्हा. माझी बशी रिकामी होती. बघायला वेळ होता."

"म्हणजे पितानाही माहीत होतं."

"हो."

"एक घोट राहिला होता. गप्प राहिली असतीस तर किल्ली तुझी होती."

"हो," धाकटी म्हणाली. "पण तुम्ही रडत होतात."

आजोबांनी किल्ली उचलली. दादा सरसावून बसला, आईकडे बघून पुन्हा मागे टेकला. मग म्हाताऱ्याने धाकटीचा ग्लास ओढून घेतला, उरलेला घोट आपल्या तोंडात घेतला आणि पहिल्यांदाच चव घेत असल्यासारखा बराच वेळ धरून ठेवला.

"अकरा वर्षं मी लोकांना सांगतोय, ही चव अंड्याची आहे," ते म्हणाले. त्यांनी ग्लास उलटा केला. थेंब पडला नाही. "ग्लास रिकामा झाला पाहिजे, एवढंच सांगितलं होतं बापाने. कोणी करायचा ते सांगितलं नव्हतं."

किल्ली त्यांनी धाकटीच्या रिकाम्या बशीत ठेवली.

शेजारच्या टेबलावरच्या बाईंना आता दम धरवेना. "अहो," त्यांनी वाकून विचारलं, "म्हणजे ही वाइन व्हीगन आहे का? माझी सून मेली कुठलीच घेत नाही."

दादाचं पोट क्षणात बरं झालं. "आहे ना!" तो उठलाच. "अकरा वर्षं आहे! किती बाटल्या बांधू?"

"तू खाली बस," आजोबा त्याला म्हणाले, मग विचार बदलून, "नाही, जा. बांध." आणि आत्याकडे न बघता, "अंडी येतील. आठ ट्रे. पण ते डबे आता खाली नेऊ नका. आणि ढगांचा एक डबा माझ्या कपाटात ठेवायचा. अकरा वर्षांचे बाकी आहेत."

धाकटी किल्ली घेऊन तळघराच्या दाराशी गेली. मागून काठीचा आवाज आला, मग खुर्ची ओढल्याचा. आजोबा जिन्याच्या तोंडाशी आपल्या जागेवर येऊन बसले होते. तिने कुलूप उघडलं, आणि दोन्ही हात मोकळे सोडून पहिली पायरी उतरली.

"एक," आजोबांनी मोठ्याने मोजलं.